रंग लावला आणि फ्रीज बिघडला: वाचकांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की जुन्या फ्रीजला, शेगडीला, मायक्रोवेव्हला नवं रूप देण्याचे बेत सुरू होतात. या वेळची बहुतेक पत्रं त्यातूनच उभ्या राहिलेल्या अडचणींची आहेत. सर्वांत जास्त पत्रं रंगवलेल्या फ्रीजबद्दल आली, म्हणून पहिलं उत्तर मोठं आहे.

प्रश्न: आमचा एका दाराचा १९० लिटरचा फ्रीज सतरा वर्षांचा आहे. मूळ रंग मरून. मुलांनी त्यावर ब्रशने पांढरा ऑइलपेंट लावला. ब्रशच्या रेघा दिसत होत्या आणि हात लावला की थोडं चिकट लागायचं, म्हणून आठ दिवसांनी वरून निळा स्प्रे मारला. पाच मिनिटांत सगळा रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला. काही ठिकाणी मसूरडाळीएवढे गोल खड्डे पडले. हँडलजवळ नखाने ओढलं तर पापुद्रा निघतो. खालचा मरून रंग मात्र अजून चकाचक आहे. यावर पुन्हा एक हात मारला तर झाकलं जाईल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: नाही. यावर आणखी एक हात दिलात तर तोही याच्यासोबत निघेल.

खालचा मरून रंग चकाचक आहे, ही तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ. फ्रीजचा मूळ रंग कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला असतो. तो काचेसारखा गुळगुळीत असतो, त्याला नवा रंग धरून ठेवायला जागाच नसते. वॉटर पेपरने घासून ती चमक घालवली असती तर बारीक ओरखड्यांत रंग रुतला असता. चमक तशीच राहिली याचा अर्थ घासकाम झालंच नाही, आणि पापुद्रे निघण्याचं कारण तेच आहे.

सुरकुत्यांचं कारण वेगळं. ऑइलपेंट नुसता थिनर उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू शोषून आवळत जातो. वरची कातडी एका दिवसात वाळते, आतला भाग मात्र जाड थरात दोन-तीन आठवडेही कच्चा राहतो. तुम्हाला चिकट लागत होतं ते त्यामुळेच. स्प्रेच्या डब्यातलं थिनर फार तिखट असतं. ते त्या अर्धकच्च्या थरात शिरलं, थर फुगला, आणि फुगलेल्याला पसरायला जागा नसल्याने तो चुण्या पडून वर आला. पूर्ण वाळलेल्या स्प्रेवर ऑइलपेंट चालतो, पण ताज्या ऑइलपेंटवर स्प्रे कधीच मारू नये.

गोल खड्डे पडतात ते तेलकटपणामुळे किंवा सिलिकॉनमुळे. फोडणीची वाफ वर्षानुवर्षं फ्रीजवर बसलेली असते, ती साबणाच्या पाण्याने निघते. पण कधी फर्निचरचं किंवा गाडीच्या डॅशबोर्डचं चमक आणणारं पॉलिश फ्रीजला लावलं असेल तर त्यातलं सिलिकॉन साबणाने हटत नाही. रंग त्या जागेपासून मागे सरतो आणि मध्ये वाटोळा खड्डा उरतो.

आता दुरुस्ती. दोन्ही थर पूर्ण काढावे लागतील. त्यांची पकड मुळातच कच्ची असल्याने प्लास्टिकच्या खरवडणीने बराचसा रंग सहज सुटेल. हीट गन वापरू नका. पत्र्याच्या मागे फोम असतो, तो काळा पडतो, आणि दाराच्या आतलं प्लास्टिक वाकडं होतं. अलीकडच्या फ्रीजमध्ये तर बाजूच्या पत्र्याला चिकटूनच गॅसची नळी फिरवलेली असते आणि आत आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. तो ज्वलनशील आहे. त्यामुळे नवीन फ्रीजला हीट गन लावू नये, आणि हँडल बदलण्यासाठी बाजूच्या पत्र्यात भोक तर कधीच पाडू नये. जेलसारखं पेंट रिमूव्हरही टाळा. ते दाराचं रबर आणि आतलं प्लास्टिक खातं, आणि त्याचा वास बंद खोलीत घातक असतो.

काम ओसरीत किंवा गच्चीवर करा. प्लग काढून फ्रीज रिकामा करा आणि उभाच न्या. आडवा करावाच लागला तर उभा केल्यावर किमान चार तास सुरू करू नका, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली उतरायला वेळ लागतो. हँडल आणि नावाची पट्टी काढा. दाराच्या रबराला आणि रबर जिथे टेकतं त्या चौकटीच्या पट्टीला मास्किंग टेप लावा. त्या पट्टीवर रंगाचा शिंतोडाही नको. तिथे रंग बसला की रबर चिकटतं, दार ओढताना फाटतं, आणि मग नवं रबर आणण्याचा खर्च मागे लागतो.

रंग खरवडून झाला की २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून, भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून, उरलेले तुकडे आणि कडा सपाट करा. मग ४०० नंबरने सगळा पृष्ठभाग घासा. मूळ मरून रंग काढायचा नाही, त्याची फक्त चमक मारायची आहे. बॅटरीचा उजेड तिरका टाकून पाहा, एखादा ठिपका चमकला तर तिथून पुढे पापुद्रा सुटणार हे नक्की. दार, दोन बाजू आणि माथा मिळून ४०० नंबरचे चार-पाच कागद लागतात. एका कागदात भागवायला गेलं की झिजलेला कागद नुसता फिरत राहतो, चमक जात नाही.

फ्रीजवर २०१७ च्या आधी कधी घरी ऑइलपेंट लावला असेल तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच असू शकतं. ओलं घासा, चिखल कागदावर गोळा करा, लहान मुलं आणि गरोदर बाई जवळ नको.

यानंतर साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या आणि टर्पेंटाइनने पुसा. पुसण्याची रीत महत्त्वाची आहे. एका हातात टर्पेंटाइनचं ओलं फडकं, दुसऱ्या हातात कोरडं. ओलं फिरवून ते वाळायच्या आत कोरड्याने उचलून घ्यायचं, आणि फडकी वारंवार बदलायची. एकाच फडक्याने सगळा फ्रीज पुसला तर सिलिकॉन निघत नाही, सगळीकडे पसरतं.

चिपळूणच्या हवेत खालच्या कडेला गंज असणारच. फोड आलेला भाग ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी प्रायमर लावा, रात्रभर उघडा ठेवलात तर सकाळी पुन्हा तांबूस दिसेल. अगदी किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी घासण्याआधी गोड्या पाण्याने दोनदा धुवावं. रंगाखाली मीठ राहिलं तर ते ओल ओढतं आणि पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा फोड येतात. रेड ऑक्साईड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्रायमर, फक्त उघड्या पत्र्यावर लावायचा. बाकी सगळीकडे धातूसाठीच्या स्प्रे प्रायमरचा एक पातळ हात पुरतो.

आता डब्यांचा हिशेब, कारण इथेच काटकसर नडते. तुमच्या मापाच्या फ्रीजचं दार, दोन बाजू आणि माथा मिळून साधारण अडीच चौरस मीटर होतात. तीन पातळ हात म्हणजे साडेसात. ४०० मिलिलिटरचा एक डबा घरच्या हाताने दीड चौरस मीटर नीट झाकतो, म्हणजे पाच डबे झाले. दोन डबे आणून एकाच जाड हातात उरकायला गेलं की ओघळ येतात. डबा, आतली गोळी खडखडू लागल्यावर पुढे दोन मिनिटं हलवा. पंचवीस सेंटीमीटरवरून, फ्रीजच्या कडेबाहेर फवारा सुरू करून पलीकडच्या कडेबाहेर थांबवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढू द्या. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा रंग दिसत राहिला तरी चालेल. दहा-पंधरा मिनिटांनी पुढचा. बऱ्याच डब्यांवर ‘एका तासाच्या आत किंवा ४८ तासांनंतर’ अशी पुढच्या हाताची वेळ छापलेली असते. ती पाळा. मधल्या वेळेत फवारलं तर त्याच सुरकुत्या पुन्हा येतात, या वेळी तुमच्याच ताज्या रंगात.

पावसाळ्यात हे काम नको. हवा दमट असली की थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो. कोकणात दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

डब्यातला फवारा बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो. जवळ शेगडी, समई, निरांजन, उदबत्ती काही पेटलेलं नको. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, फ्रीज सुरू करू नका. दूध आणि लोणी तो वास लगेच ओढून घेतात. लोहचुंबकाची चित्रं तीन आठवड्यांनी लावा.

प्रश्न: फ्रीजला पाठीमागूनही रंग दिला. आता दाराच्या कडेला, जिथे थोडा रंग उडाला आहे, तिथे हात लागला की झिणझिण्या येतात. चप्पल घातली तर येत नाहीत. टेस्टर मंद पेटतो. चालवावा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर: हे वाचल्यावर आधी भिंतीवरचं बटण बंद करा आणि मग प्लग काढा. दुरुस्ती होईपर्यंत फ्रीज लावू नका. चप्पल घातल्याने दोष जात नाही. ओल्या पायाने कोणी हात लावला तर जीव जाऊ शकतो.

रंगवल्यावर असं होण्याची तीन कारणं बहुतेक वेळा सापडतात. मागच्या बाजूला, कॉम्प्रेसरजवळ, हिरवी वायर एका स्क्रूने पत्र्याला जोडलेली असते. रंगाच्या सोयीसाठी ती सोडली जाते आणि परत लावताना रंगाच्या थरावरच आवळली जाते. रंग वीज अडवतो, त्यामुळे स्क्रू घट्ट दिसूनही अर्थिंग तुटलेलं असतं. दुसरं, घासताना वापरलेलं पाणी दिव्याच्या बटणात, थर्मोस्टॅटच्या खोक्यात किंवा कॉम्प्रेसरच्या जोडणीवर गेलेलं असतं. तिसरं, मागचं झाकण बसवताना एखादी वायर पत्र्याखाली चेपते.

इलेक्ट्रिशियनकडून हे तपासून घ्या. प्लग काढलेला असताना मल्टिमीटरची एक पिन प्लगच्या जाड अर्थ पिनला आणि दुसरी फ्रीजच्या उघड्या पत्र्याला, एखाद्या स्क्रूच्या डोक्यावर. रोध एक ओहमच्या आत यायला हवा. पिन रंगावर टेकवली तर आकडाच येणार नाही, तेव्हा रंग खरवडून टेकवा. आकडा मोठा आला तर हिरव्या वायरच्या स्क्रूखालचा रंग रुपयाच्या नाण्याएवढा घासून काढायचा, दातेरी वॉशर घालायचा आणि मग आवळायचं. दातेरी वॉशर उरलासुरला रंग कापून पत्र्यात रुततो, साधा वॉशर ते काम करत नाही. दाराचा पत्रा वेगळा असतो, तो बिजागरीतून जोडलेला असतो. बिजागरीच्या स्क्रूंखाली रंग गेला असेल तर दार एकटंच अर्थिंगविना राहतं. तुमच्या पत्रावरून तीच शंका आधी येते.

मात्र अर्थिंग तुटल्याने झिणझिण्या फक्त कळून येतात, गळती वेगळीच असते. म्हणून फेज वायर आणि पत्रा यांच्यातला इन्शुलेशन रोधही मोजून घ्यायला सांगा. भिंतीतल्या सॉकेटची परीक्षाही त्याच फेरीत व्हावी. फेज ते न्यूट्रल जेवढे व्होल्ट, साधारण २३०, जवळपास तेवढेच फेज ते अर्थ दिसले पाहिजेत. आकडा बराच कमी किंवा हलता असेल तर घराचंच अर्थिंग सैल आहे. मुख्य पेटीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, नसेल तर बसवून घ्या. पण तो आहे म्हणून अर्थिंगची दुरुस्ती पुढे ढकलू नका.

प्रश्न: नवीन मॉड्युलर किचन करताना आमचा २६० लिटरचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज प्लायवुडच्या कपाटात अगदी फिट बसवून घेतला. दिसतो सुंदर. पण आता तो दिवसभर चालूच असतो, बाजू गरम लागतात, वरची मलई दोन दिवसांत आंबते. मेकॅनिक गॅस भरायला सांगतो.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: गॅस भरू नका. फ्रीज कपाटात जाण्याआधी ठीक चालत होता, तर गॅस आजच संपायचं कारण नाही. फ्रीज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. पूर्वी पाठीवर काळी जाळी असायची, आता बहुतेक मॉडेलमध्ये तीच नळी दोन्ही बाजूंच्या पत्र्याआड असते. बाजू गरम लागणं हे तिचं काम नीट चालल्याचं लक्षण आहे, फक्त ती उष्णता जायला वाट हवी. तुमच्याकडे प्लायवुडने ती वाट बंद केली.

शिवाय नागपूरचा मे महिना लक्षात घ्या. उष्ण हवामानासाठीचे ‘टी’ वर्गातले फ्रीज ४३ अंशांपर्यंतच्या भोवतालच्या हवेसाठी बनवलेले असतात. नागपुरात बाहेरच पारा ४५ ला टेकतो, मग बंद कपाटातल्या हवेची कल्पना करा. कॉम्प्रेसर थांबतच नाही, वीजबिल वाढतं आणि शेवटी कॉम्प्रेसरच जळतो.

आजची सोय म्हणून फ्रीज पंधरा सेंटीमीटर पुढे ओढा. नंतर सुताराकडून कपाटाची मागची प्लाय पूर्ण काढून घ्या, भिंत दिसली तरी चालेल. दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटीमीटर आणि मागे दहा सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा. खालच्या पट्टीत किमान २०० चौरस सेंटीमीटरची जाळी हवी, म्हणजे ४० बाय ५ ची फट, आणि वर तेवढीच मोकळी वाट. नुसती वर जाळी ठेवून काम होत नाही. खालून गार हवा आत आली तरच गरम हवा वर सरकते. फ्रीजवरचा लॉफ्ट बंद असेल तर त्याच्या मागच्या कडेने धुराड्यासारखी वाट काढा. रुंदीच पुरत नसेल तर एका बाजूची उभी प्लाय काढून टाका. पैसे खर्चून केलेलं काम तोडायला जिवावर येतं, पण सुतारकामापेक्षा कॉम्प्रेसर महाग पडतो.

बदल झाल्यावर मधल्या फळीवर पाण्याचा पेला ठेवून त्यात थर्मामीटर बुडवा आणि बारा तासांनी पाहा. चार-पाच अंश दिसले की झालं. तरीही आठ-दहा दिसले तरच मेकॅनिकला बोलवा.

प्रश्न: फ्रीजला संगमरवरासारखं चिकट व्हिनाइल लावलं. दारावर छान बसलं, पण बाजूंना महिन्यात फुगे आले. त्यामुळे फ्रीज तापतो का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: पातळ व्हिनाइलने उष्णता अडत नाही म्हटलं तरी चालेल. इथे उलटं झालं आहे. बाजूच्या पत्र्याच्या उबेने गोंद मऊ पडून कागदच सुटला. बाजूंचं काढा, दारावरचं राहू द्या. फुगवटा असलेली फोमची ‘थ्रीडी वीट’ मात्र बाजूंना लावू नका, ती खरोखरच गोधडीसारखी ऊब धरते. व्हिनाइल काढताना हेअर ड्रायरने कोमट करून कोपऱ्यापासून हळू, फ्रीजला जवळजवळ समांतर ओढा, सरळ बाहेर ओढलं की गोंद मागे राहतो. राहिलेल्या गोंदाला खोबरेल तेल लावून अर्धा तास ठेवा, मग भांड्याच्या साबणाने धुवा.

प्रश्न: मायक्रोवेव्हच्या आत रंग उडून गंज दिसत होता. चंदेरी स्प्रे मारला. आता लावला की ठिणग्या उडतात.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: लगेच बंद करा. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचा चुरा असतो, आणि लहरींनी त्याच्या कणांमध्ये ठिणग्या पडतात. तो रंग पूर्ण खरवडून निघाला, खालचा पत्रा अखंड असला, तरच मायक्रोवेव्हच्या आतल्या भागासाठीच विकला जाणारा रंग लावता येईल. गंजून भोक पडलं असेल किंवा दाराच्या चौकटीला गंज असेल तर रंगाने काही साधत नाही, तो ई-कचऱ्यात द्या. बाजूच्या भिंतीवरचा अभ्रकाचा पातळ तुकडा जळून काळा झाला असेल तर त्यानेही ठिणग्या उडतात. तो स्वस्तात मिळतो आणि मापाने कापून बसवता येतो. पण बाहेरचं पत्र्याचं आवरण उघडू नका. आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही हजारो व्होल्टचा भार साठून राहू शकतो.

प्रश्न: काचेच्या शेगडीला डिझाइनचं स्टिकर लावलं, ते बर्नरभोवती जळून चिकटलं. ब्लेडने खरवडू का? आणि गॅसच्या नारिंगी नळीला शोभेची टेप गुंडाळली आहे, ती राहू दे ना?
— एक वाचक, लातूर

उत्तर: लोखंडी ब्लेड नको, त्याने काचेच्या कडेला टवका उडतो. कडक केलेली काच मध्ये बराच भार सोसते, पण कडेच्या टवक्यातून एकदम चुरा होते. रेग्युलेटर बंद करून, शेगडी थंड असताना, खायच्या सोड्याची ओली लुगदी तासभर ठेवा आणि प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. स्टिकरखाली तडा दिसला तर शेगडी वापरू नका.

नळीवरची टेप आजच काढा. टेपखाली चिरा दिसत नाहीत आणि छापलेली तारीखही झाकली जाते. नळी पाच वर्षांनी बदलायची असते आणि दीड मीटरपेक्षा लांब नसावी. टेप काढल्यावर दोन्ही टोकांना साबणाचा फेस लावून रेग्युलेटर उघडा, शेगडीच्या खुंट्या बंदच ठेवा. बुडबुडे आले तर रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवरून काढा, खिडक्या उघडा, विजेचं कोणतंही बटण दाबू नका आणि घराबाहेर येऊन १९०६ वर फोन करा.

प्रश्न: मिक्सरच्या प्लास्टिक बॉडीला स्प्रे मारला, बारीक भेगा पडल्या. आता चालवताना मधेच बंद पडतो.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर: भेगा थिनरने पडल्या, त्या भरून येणार नाहीत. बंद पडण्यासाठी आधी तळाच्या फटी पाहा. तिथे रंग साचून मोटारीला हवा मिळत नाही आणि ओव्हरलोडचं लाल बटण उडतं. प्लग काढून लाकडी टूथपिकने फटी मोकळ्या करा, अर्धा तास थांबा, बटण आत दाबा. भेगेतून आतली वायर किंवा मोटार दिसत असेल तर बॉडी बदलूनच वापरा. चटणी वाटताना सांडलेलं पाणी थेट आत जातं.